बेडूक, डॉल्फिन आणि मशीन लर्निंग: गोव्यातल्या संशोधनाच्या नोकरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांच्या आवाजांवर काम करणाऱ्या विद्यापीठातल्या प्रकल्पात मी आहे, हे कळलं की विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील साधारण तेच ते प्रश्न विचारतात. फोंड्याहून फोन येतो, पेडण्याहून येतो, परवा डिचोलीच्या बसमध्ये शेजारच्या काकांनीही विचारलं. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. ही जाहिरात नाही. जागा निघते तेव्हा ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच निघते.

या नोकरीत नेमकं करायचं काय असतं?

रेकॉर्डर लावायचे, आवाज गोळा करायचे, ते ऐकून त्यांना लेबलं लावायची (म्हणजे कुठला आवाज कोणाचा, हे लिहून ठेवायचं), त्यावर संगणकाला शिकवायचं आणि संगणक जे सांगतो ते खरं आहे का, हे पुन्हा कानांनी तपासायचं. पदाचं नाव कधी ज्युनिअर रिसर्च फेलो, कधी प्रोजेक्ट असोसिएट, कधी फिल्ड असिस्टंट. नाव काहीही असो, सगळ्यात जास्त वेळ जातो तो ऐकण्यात. असं शिकवलेला प्रोग्राम, म्हणजे मॉडेल, रात्रभर आपलं आपण चालतं, लेबलं आपली आपण लागत नाहीत. 'एआय'चं काम म्हणून येणारे बरेच जण पहिल्या महिन्यातच कंटाळतात ते इथेच.

म्हणजे प्राणी काय बोलतात, ते यंत्र सांगणार?

नाही. बातम्या वाचून तसं वाटतं खरं, पण बातमीचा मथळा आणि मूळ अभ्यास यांत बरंच अंतर असतं.

२०२४ सालची दोन उदाहरणं घ्या. कॅरिबियन समुद्रात डॉमिनिका बेटाजवळ राहणारे स्पर्म व्हेल टकटक आवाजांच्या छोट्या माळा काढतात, त्यांना 'कोडा' म्हणतात. 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात अशा ८,७१९ कोडा तपासल्या. ताल, लय आणि आणखी काही बारकावे एकमेकांत मिसळून हे देवमासे वेगवेगळ्या कोडा घडवतात, असं त्यात दिसलं. लगेच 'देवमाशांची बाराखडी सापडली' असा गाजावाजा झाला. पण कुठल्या कोडाचा अर्थ काय, याबद्दल त्या अभ्यासाने दावा केलेला नाही. घटक सापडले, अर्थ अजून सापडायचा आहे.

दुसरं उदाहरण केनियातल्या हत्तींचं. ४६९ हाका घेऊन, कुठली हाक कुठल्या हत्तीला उद्देशून होती, हे मॉडेलला ओळखायला लावलं. त्याने २७.५ टक्के वेळा बरोबर ओळखलं. हे ऐकून कोणीही म्हणेल की हा तर नापास. पण आवाजाऐवजी निरर्थक आकडे भरवले, तेव्हा उत्तर जेमतेम ८ टक्के वेळा बरोबर येत होतं. म्हणजे हाकेत 'कोणाला' ही माहिती काही प्रमाणात आहे. संशोधक तिथेच थांबले नाहीत. त्यांनी १७ हत्तींना त्या हाका स्पीकरवर ऐकवल्या. स्वतःला उद्देशून असलेली हाक ऐकली की हत्ती जास्त लवकर प्रतिसाद देत, आवाजाच्या दिशेने येत. माझ्या लेखी या अभ्यासाचा कणा स्पीकरचा प्रयोग आहे, मॉडेलची टक्केवारी नंतर येते.

हा मार्ग जुनाच आहे. केनियातल्याच अंबोसेलीत व्हर्व्हेट माकडांवर झालेला अभ्यास १९८० साली 'सायन्स'मध्ये आला. बिबट्याचा इशारा ऐकवला की माकडं झाडावर पळत, गरुडाचा ऐकवला की वर बघत, सापाचा ऐकवला की खाली गवतात बघत. आवाजाला अर्थ आहे, हे माकडांच्या वागण्यावरून ठरलं, आणि त्यासाठी कोणीतरी तिथे बसून बघावं लागलं. यंत्राने हजारो तासांतून नमुना शोधून द्यावा, अर्थ लावायची जबाबदारी त्या जागेवर बसून प्राणी बघणाऱ्या माणसाची. आमच्या गटात तरी हाच नियम चालतो.

गोव्यात अभ्यास करण्यासारखे प्राणी कोणते?

राज्य छोटं, पण आवाजांच्या बाबतीत श्रीमंत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, मधे खाजन शेतं (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली) आणि कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा.

माझा स्वतःचा ओढा बेडकांकडे आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहितो. मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की शेतात, डबक्यात, सड्यावर साचलेल्या पाण्यात एकाच रात्री जो गलका सुरू होतो, तो गोव्यात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. मोठ्या बेडकाचे नर तेव्हा पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. याच दिवसांत 'जंपिंग चिकन'च्या नावाखाली त्यांची शिकारही होते. ती कायद्याने गुन्हा आहे, तरी दर पावसाळ्यात वनखात्याला गस्त घालावी लागते. नर जिवाच्या आकांताने ओरडून मादीला बोलावतो आणि टॉर्चवालाही त्याच आवाजावर येतो. कुठल्या शेतात आवाज सुरू झाला, कुठे एकदम थांबला, कुठे दरवर्षी उतरत चालला आहे, हे रेकॉर्डर सांगू शकतो. शिवाय गोव्याच्या डोंगराळ भागातून अगदी अलीकडे नवीन बेडूक सापडले आहेत. 'मिनर्व्हेरिया गोमांतकी'ची नोंद २०१५ची, 'मिनर्व्हेरिया गोयंची'ची २०१८ची. दिसायला सारख्या असणाऱ्या प्रजाती वेगळ्या करताना आवाजाचा मोठा आधार होतो.

समुद्रात किनाऱ्यालगत फिरणारे हम्पबॅक डॉल्फिन आहेत. पर्यटकांना कोको बीचवरून किंवा पाळोळेहून होडीतून दाखवतात तेच. जागतिक यादीत ही प्रजाती धोक्यात असलेल्यांमध्ये आहे. त्यांच्या शिट्ट्या आपल्याला ऐकू येतात, पण वाट आणि भक्ष्य शोधण्यासाठी ते जे टिकटिक आवाज काढतात, त्यांचा बराच भाग माणसाच्या कानाच्या पलीकडचा. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, सोडला की आधी ऐकू येते ती टिचक्या मारणारी कोळंबी. तव्यावर काहीतरी तडतडत असल्यासारखा तो आवाज अखंड चालू असतो. त्यावर होड्यांची इंजिनं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलरचा आवाज नसतो, पण नेमका तेव्हाच समुद्र इतका खवळलेला असतो की हायड्रोफोन घेऊन जाणार कोण?

वटवाघळं आणि पक्षी हे तर न संपणारे विषय. पक्ष्यांमधला एकच सांगतो: भृंगराज. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके असलेला हा कोतवाल कुळातला पक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. मोलेच्या जंगलात शिक्रा ओरडला असं मॉडेल म्हणतं, माणूसही म्हणतो, आणि वर बघावं तर भृंगराज.

संगणकशास्त्र लागतं की प्राणिशास्त्र?

जाहिरातीत 'किंवा' असतं. गटाला दोन्ही प्रकारचे लोक लागतात आणि दोन्ही गुण एकाच माणसात क्वचित सापडतात. प्राणिशास्त्राच्या मुलामुलींनी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी. त्यात सोय अशी की तुमच्याकडे प्रश्न आधीच असतो, त्यामुळे शिकायला कारण मिळतं. संगणकाच्या मुलांना मी सांगतो, चोडणच्या पक्षी अभयारण्यात जाऊन या, रायबंदरहून फेरीबोट आहे, आणि कानांनी दहा पक्षी ओळखायला शिका. यातलं दुसरं काम जास्त अवघड जातं, असा आजवरचा अनुभव.

लेबल लावणं म्हणजे काय? ते इतकं अवघड का?

आवाजाचं चित्र काढतात, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. आडव्या दिशेने वेळ, उभ्या दिशेने आवाजाची पट्टी, जिथे आवाज जोरात तिथे रंग गडद. जूनमधल्या रात्रीचा तीन सेकंदांचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. वरच्या भागात किड्यांची जाड, सलग पट्टी. तिला छेदून वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा, म्हणजे रेकॉर्डरच्या डबीवर पडणारे पावसाचे थेंब. तळाशी मोठ्या बेडकाचे जाड ठिपके. मधे कुठेतरी पुसट, फिकट अशी तीन छोटी टिंबं. तो दुसरा बेडूक की लांबचा कुठला पक्षी? ती टिंबं पुन्हा पुन्हा ऐकायची, आवाज गाळून ऐकायचा, आधीचं आणि नंतरचं मिनिट ऐकायचं. तरीही ठरत नसेल तर 'शंका' असं लेबल लावायचं.

या 'शंका' लेबलाची नव्या मुलांना लाज वाटते. वाटू नये. तोच तुकडा दुसरा माणूस पहिल्याचं लेबल न बघता तपासतो, मग दोघांचं किती जुळतं ते पाहतात. ज्याच्या फायलींत एकही 'शंका' नाही, त्याची सगळी लेबलं आम्ही परत तपासतो.

पहाटेच्या तुकड्यांत आणखी एक गोष्ट हमखास येते. चित्रात समान अंतरावरच्या, सुबक, आडव्या रेघा. इतका नीटस आवाज काढणारा प्राणी कोण म्हणून नवखा माणूस खूश होतो. तो सायकलवरून पाव घेऊन आलेल्या पोदेराचा भोंगा असतो.

मॉडेल ९५ टक्के अचूक असेल, तर माणसाने पुन्हा कशाला तपासायचं?

मुलाखतीत हा प्रश्न आम्हीच उमेदवारांना विचारतो, तेव्हा उत्तर नीट वाचा.

समजा आवाजाचे १,००० तुकडे आहेत आणि हवा तो बेडूक त्यांतल्या फक्त १० तुकड्यांत आहे. 'बेडूक नाही' एवढंच सतत सांगणारं मॉडेल ९९ टक्के अचूक ठरेल आणि त्याचा उपयोग शून्य. आता खरोखर चांगलं मॉडेल घ्या, जे बेडूक असताना ९५ टक्के वेळा 'आहे' म्हणतं आणि नसताना ९५ टक्के वेळा 'नाही' म्हणतं. दहापैकी नऊ-दहा बेडूक ते पकडेल. पण उरलेल्या ९९० तुकड्यांपैकी ५ टक्के, म्हणजे जवळजवळ ५० तुकड्यांतही ते 'आहे' म्हणेल. म्हणजे साठेक वेळा 'बेडूक' आणि त्यांतले पन्नास खोटे. दुर्मिळ प्राण्यांच्या बाबतीत हे गणित कायम असंच बसतं.

दुसरा घोळ याहून वाईट, कारण तो आकड्यात दिसत नाही. समजा एका बेडकाचे सगळे आवाज सुर्ल्याच्या एकाच ओहोळाकाठी रेकॉर्ड केले. मॉडेल बेडूक शिकेल की ओहोळाचा खळखळाट? बहुतेक वेळा खळखळाट, कारण तो सोपा. मग त्याच ओहोळाच्या तुकड्यांवर परीक्षा घेतली तर गुण भरपूर. नेत्रावळीला नेलं की सपशेल नापास. म्हणून शिकवायची ठिकाणं आणि परीक्षेची ठिकाणं वेगळी ठेवायची, जमलं तर रेकॉर्डर आणि वर्षंही वेगळी. तुकडे सरसकट पिसून, त्यांतलेच ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला, ही ऑनलाइन कोर्समध्ये शिकलेली सवय इथे सोडावी लागते. एकाच रात्रीचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे गेले तर ती कॉपीच झाली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये 'हान्स' नावाचा घोडा गाजला होता. गणिताचं उत्तर तो टापा आपटून द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिलं की घोड्याला गणित येत नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली बघून तो योग्य वेळी थांबायचा. फसवणूक कोणीच करत नव्हतं, मालकाचाही घोड्यावर मनापासून विश्वास होता. आमच्या गटात एखाद्या मॉडेलला फारच चांगले गुण मिळाले की कोणीतरी हमखास विचारतं, 'हान्स तर नाही ना?'

बर्डनेटसारखं तयार साधन आहे. मग नवीन मॉडेल कशाला?

बर्डनेट उत्तम आहे आणि आम्हीही वापरतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि जर्मनीतल्या केमनिट्झ विद्यापीठाने ते तयार केलं आहे. तीन-तीन सेकंदांचे तुकडे घेऊन ते सहा हजारांहून जास्त प्रजाती ओळखू पाहतं. पण त्याची मुख्य तयारी पक्ष्यांची. आपल्या डबक्यातला बेडूक त्याला माहीत असेलच असं नाही. त्यामुळे असं शिकलेलं मॉडेल पाया म्हणून घ्यायचं आणि त्यावर आपल्याकडच्या मोजक्या लेबलांनी पुढचं शिकवायचं, ही आताची रूढ पद्धत. वेळही वाचतो.

लॅपटॉप कसा लागेल?

साधा चालतो. जड काम विद्यापीठाच्या सर्व्हरवर होतं. खरी अडचण साठवणुकीची आहे. ४८ किलोहर्ट्झवर एकपदरी (मोनो) १६ बिट रेकॉर्डिंग केलं तर तासाला सुमारे ३४५ एमबी होतात, म्हणजे दिवसाला आठ जीबीच्या वर. असे दहा रेकॉर्डर महिनाभर सलग चालले की अडीच टीबी. वटवाघळांच्या फार उंच पट्टीच्या आवाजांसाठी ३८४ किलोहर्ट्झ ठेवावं लागलं तर आठपट. म्हणून सलग रेकॉर्डिंग न करता दर दहा मिनिटांतलं एक मिनिट, असं वेळापत्रक लावतात. हेडफोन मात्र चांगले घ्या, त्यात कंजुषी नको.

रेकॉर्डर बहुतेक ठिकाणी ऑडिओमॉथ असतो. क्रेडिट कार्डाएवढा, तीन पेन्सिल सेलवर चालणारा. गोव्याच्या पावसात त्याचा शत्रू पाण्यापेक्षा दमट हवा. डबीत सिलिका जेलची पुडी टाकायला विसरलात तर सेलच्या टोकांना हिरवट गंज धरतो. मुंग्याही डबीत घर करतात.

अभयारण्यात कधीही जाता येतं का?

येत नाही. म्हादई, मोले, खोतीगाव, नेत्रावळी, बोंडला, कुठेही संशोधनासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची ती अट आहे. परवानगीला वेळ लागतो, त्यामुळे जूनच्या बेडकांसाठी उन्हाळ्याच्या आधीच अर्ज केलेला बरा. खाजगी कुळागरात किंवा शेतात मालकाला विचारावं, आणि ते तोंडी विचारणंसुद्धा वहीत नोंदवून ठेवावं.

प्राण्यांना त्यांचेच आवाज ऐकवून बघता येईल?

परवानगी असेल तरच, आणि प्रयोगाची आखणी पक्की असेल तरच. ओरडण्यात नराची बरीच शक्ती खर्च होते. स्पीकरवरच्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला उत्तर देत बसायला लावणं हा खेळ नव्हे. फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहीत नाही.

(पालकांकडून) मुलगी रात्रीची रानात जाणार का? एकटी?

एकटी कोणीच जात नाही, मुलगा असो वा मुलगी. किमान दोघं, शक्यतो गावातला माहीतगार सोबत, आणि परतायची वेळ कोणाला तरी सांगून. सापांसाठी गमबूट आणि चांगला टॉर्च. जळवा लागतातच, त्याचं काही वाटेनासं होतं. खरी काळजी गोचिडींची घ्यायची. सत्तरी तालुक्यात २०१५पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो रोग गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. त्या दिवसांत अंगभर कपडे, मोज्यात खोचलेली पँट, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. ताप आला तर डॉक्टरांना 'रानात गेले होते' हे आधी सांगायचं.

पगार किती?

नेट किंवा गेट परीक्षा उत्तीर्ण असलेल्या ज्युनिअर रिसर्च फेलोला केंद्राच्या २०२३च्या सुधारित दरानुसार महिन्याला ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडं. बाकीच्या पदांचं मानधन जाहिरातीत दिलेलं असतं, ते यापेक्षा कमी असू शकतं. पैसे कधी वेळेवर येतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. घरचा हप्ता तुमच्यावरच असेल तर रुजू व्हायच्या आधी हे स्पष्ट विचारा, त्यात संकोच नको. नोकरी प्रकल्पापुरती असते, कायमची नाही.

इंग्रजी कच्चं आहे. चालेल?

शोधनिबंध इंग्रजीत वाचावे लागतात, तेवढं यायला हवं. बोलण्याचं म्हणाल तर उलट आहे. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराशी, कुळागरवाल्याशी, देवळाच्या तळीवर कपडे धुणाऱ्या बायांशी मराठी-कोंकणीतून बोलता येणारा माणूस गटाला इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यापेक्षा जास्त कामाचा. कुठला बेडूक कुठल्या शेतात आधी ओरडतो, हे रेकॉर्डर लावण्याच्या आधी त्यांना ठाऊक असतं. नोंदी मराठीत लिहिल्या तरी चालतात. तारीख, वेळ, ठिकाण आणि पाऊस पडत होता का, एवढं त्यात हवंच.

रेकॉर्डरमध्ये माणसांचं बोलणं येतं, त्याचं काय?

येतं. भांडणं येतात, फोनवरचे व्यवहार येतात. माणसाचा आवाज असलेले तुकडे आधी वेगळे काढून पुसायचे, त्यासाठीही मॉडेल वापरता येतं. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. पंचायतीला आधी कळवायचं आणि डबीवर मराठी-कोंकणीतून चिठ्ठी लावायची. ही कसली डबी म्हणून लोक संशय घेतात आणि त्यांचं चुकत नाही.

पुढे काय?

पीएच.डी., वनखात्याचे किंवा संस्थांचे सर्वेक्षण प्रकल्प, नाहीतर डेटाची खाजगी नोकरी. आवाजावर काम केलेल्यांना शेवटच्या प्रकारात मागणी बरी असते.

सध्या जागा नाही. तोवर घरी बसून काय करू?

मोबाइलवर वेव्ह स्वरूपात रेकॉर्ड करणारं अ‍ॅप घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला आवाज दाबलेला असतो, तो अभ्यासाला चालत नाही. परसातला एकच आवाज निवडा. तो रोज ठरावीक वेळी रेकॉर्ड करा आणि फायलीच्या नावातच तारीख-वेळ घाला. ऑडॅसिटी हे आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात स्पेक्ट्रोग्राम बघा आणि लेबलं लावा. नावाची खात्री करायला झेनो-कांटो या संकेतस्थळावर जगभरातले पक्ष्यांचे आवाज आहेत. आवाज सुरू असताना तो प्राणी काय करत होता, आसपास कोण होतं, हे वहीत लिहा. ही वही लेबलांइतकीच महत्त्वाची. अर्ज करताना प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यासोबत त्या फोल्डरची लिंक द्या. आम्ही आधी ते फोल्डर उघडतो आणि त्यातली 'शंका'ची लेबलं बघतो.